भाऊ, लॉक लावून द्या

तिवस्यात रस्त्याला लागून माझं मोबाईलचं दुकान आहे. विक्री थोडी, दुरुस्ती जास्त. फुटलेला डिस्प्ले, सैल झालेली चार्जिंग पिन, फवारणीच्या पाण्यात पडलेला फोन, अशी कामं. २०२० मध्ये शाळा फोनवर आली आणि तेव्हापासून एक नवीन मागणी सुरू झाली. माणूस फोन काउंटरवर ठेवतो, इकडेतिकडे पाहतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "भाऊ, याले लॉक लावून द्या न. पोट्टं काहीबी पाहून रायते."

माझ्या घरीही दोन लेकरं आहेत, मुलगा दहावीत आणि मुलगी चौथीत. बायको अंगणवाडी सेविका. त्यामुळे हा विषय दुकानाचं शटर पाडल्यावर संपत नाही, जेवणाच्या ताटावरही चालू राहतो. फोन विकणाऱ्यानंच लेकरांच्या फोनबद्दल बोलावं यातली गंमत मला कळते. पण गावातले फोन आतून पाहिलेला माणूस दुसरा कोण सापडणार? नावं कोणाची सांगणार नाही. शिकलो ते सांगतो.

१. लॉक फोनला लागतं, घराला लागत नाही

मागितलं तर मी लॉक लावून देतो. गुगलचं फॅमिली लिंक आहे. त्यात आईबापाच्या फोनवरून लेकराच्या फोनची वेळ बांधता येते, नवीन अ‍ॅप घ्यायचं तर आधी आपली परवानगी लागते. तेरा वर्षांखालच्यानं यूट्यूबवर स्वतःचं खातं काढू नये असा त्यांचाच नियम आहे. लहानांसाठी यूट्यूब किड्स वेगळं आहे, भारतात २०१६ पासून. हे सगळं बसवायला फार वेळ लागत नाही. तरी बरेच जण थोड्याच दिवसांत परत येतात, कारण घरात फोन एक नसतो. बापाच्या फोनला लॉक लागलं की पोट्टं आबाजीच्या खाटेवर जाऊन बसतं. आबाजीची पिन १२३४, नाहीतर मोटरसायकलचा नंबर. पॅटर्न असेल तर लेकरं काच उजेडात तिरपी धरतात आणि बोटांचा चिकट माग पाहून उघडतात. हे मला तिसरीतल्या एका पोरीनं दुकानातच करून दाखवलं. तिची आई बाजूलाच उभी होती.

दुसरी अडचण यापेक्षा मोठी. फोन लेकराच्या हातात असला तरी खातं बापाचंच असतं. बाप रात्री काय पाहतो त्यावरून यूट्यूब अंदाज बांधतं, आणि सकाळी लेकरू 'मोटू पतलू' लावतं तेव्हा खालच्या रांगेत बापाच्या आवडीचे व्हिडिओ उभे असतात. एका गृहस्थांनी मुलाची अशीच तक्रार आणली. मी हिस्ट्री उघडून वेळा पाहिल्या. रात्रीचे साडेबारा, एक. पोरगं नऊ वाजताच झोपतं हे थोड्या वेळापूर्वी त्यांनीच सांगितलं होतं. मी फोन त्यांच्याकडे वळवून धरला. त्यांनी पाहिला, खिशात टाकला आणि "बरं बरं" म्हणत गेले. त्या दिवशी पैसे काही मागितले नाहीत.

२. शिक्का कोणाचा आहे ते आधी पाहा

सिनेमाच्या सुरुवातीला दिसणारं प्रमाणपत्र केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं असतं. 'यू' सगळ्यांसाठी, 'ए' अठरा वर्षांवरच्यांसाठी. मधलं 'यूए' १९८३ मध्ये आलं, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता की बारा वर्षांखालच्या मुलांना आईबापांनी विचार करून दाखवावं. २०२३ च्या कायदादुरुस्तीनं त्याचे सातच्या वर, तेराच्या वर, सोळाच्या वर असे तीन भाग झाले. 'ए' असेल तर थिएटरच्या दारावरच्या माणसानं लेकराला अडवायचं असतं. 'यूए'ला तो अडवत नाही, तिथे अडवणारे आपणच.

टीव्हीवर 'ए' सिनेमा तसाच्या तसा दाखवता येत नाही. काटछाट करून, नवीन प्रमाणपत्र घेऊन दाखवतात. आणि ओटीटीवर येणाऱ्या मालिकांना मंडळ हातही लावत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे वयाचा शिक्का कंपनीनं स्वतःच मारायचा आणि तेराच्या वरच्या शिक्क्याला पालकांसाठी कुलपाची सोय द्यायची. म्हणून "आम्ही टीव्हीवर पाह्यला, चांगला आहे, पोराले लावून देलता" असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, कुठे लावून दिला? टीव्हीवर पाहिलेला आणि अ‍ॅपवर लावून दिलेला सिनेमा एकच असेल असं नाही.

आणि रीलवर कोणाचाच शिक्का नाही. लेकरं तर तेच जास्त पाहतात.

३. घाणीबद्दल सगळे विचारतात, भीतीबद्दल कोणी विचारत नाही

दुकानात येणाऱ्या बापाच्या डोक्यात एकच गोष्ट असते, पोरानं 'घाण' पाहू नये. भ्यावं की नाही, हा प्रश्नच नसतो. १९९३ मध्ये महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला तेव्हा मी लहान होतो. सगळ्या घरादारानं बसून पाहण्यासारखा, पोट धरून हसवणारा सिनेमा. मोठे हसत होते आणि आम्ही पोट्टे तात्या विंचूची बाहुली दिसली की डोळे झाकत होतो. पुढं कितीतरी दिवस रात्री एकट्यानं पाणी प्यायला उठायची हिंमत नव्हती. त्यात घाण काहीच नव्हतं. माझ्या चुलतभावाला मात्र त्याच बाहुलीचं इतकं वेड की त्यानं तिचा आवाज काढून आम्हाला सळो की पळो केलं. सिनेमा एक, पोट्टे दोन, वय सारखं. शिक्का मारणाऱ्याला हा फरक कसा कळणार? तो घरच्यालाच कळतो.

आता बाहुलीची गरजही राहिली नाही. आमच्या गावाला लागून नागपूर-अमरावती हायवे. अपघात झाला की मदत पोचण्याआधी व्हिडिओ पोचतो. गावाच्या ग्रुपवर येतो, शेतीच्या ग्रुपवर येतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो. घरातला मोठा माणूस आवाज चढवून पाहतो आणि मांडीवर नातू असतो. कोणाला वाटत नाही की हे लेकराला दाखवण्यासारखं आहे की नाही ते ठरवायला पाहिजे, कारण ही तर बातमी! बायको सांगते, अंगणवाडीत लेकरं भातुकली खेळतात तशी आता 'एक्सिडेंट' खेळतात. एक जण आडवा पडतो, बाकीचे हात वर करून त्याचा व्हिडिओ काढतात.

घरी आम्ही एवढंच केलं की मराठी असो की हिंदी, बातम्यांचं चॅनल मुलगी जागी असताना लावायचं नाही. माझ्या वडिलांना हे फार जड गेलं. त्यांच्यासाठी सकाळचा पेपर सुरू ठेवला.

४. फसणारे मोठेच असतात

२०१८ चा उन्हाळा आठवा. पोरं पळवणारी टोळी आली आहे, असे व्हिडिओ आणि आवाजी निरोप महाराष्ट्रभर फिरत होते. माझ्या काउंटरवर माणसं ते मोठ्यानं वाजवून दाखवायची. सोबत आलेली लेकरं ऐकायची, आईचा पदर घट्ट धरायची. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, जमावानं पाच माणसांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती. पोरं पळवणारं त्यांच्यात कोणी नव्हतं.

ज्या गोसाव्याला आपली आजी सूपभर जवारी घालायची, त्याला पाहून पोरांनी दार लावून घ्यावं असं त्या महिन्यात होऊन बसलं. हे पोरांना कोणत्या कार्टूननं शिकवलं नाही. आपल्या फोनमधून आलं, आपल्याच तोंडून. लेकरांसाठी काय योग्य याची यादी करायला बसलेल्या प्रत्येक घराला मी सांगतो, पहिल्या ओळीवर आपले स्वतःचे ग्रुप लिहा.

५. जुनं ते सगळं सोवळं नव्हतं

"आमच्या वेळी असं काही नव्हतं," हे वाक्य मी रोज ऐकतो. बोलणाऱ्याचं वय पाहून घेतो आणि मग एकेक काढतो.

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या वऱ्हाडातल्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात. सात-आठ वर्षांच्या पोरी टिपऱ्या वाजवत, डब्यातला खाऊ ओळखत गातात, आणि गाण्यात काय असतं? सासुरवास, नणंदेचे टोमणे, डोहाळे, बाळंतपण. पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांमध्ये कोणाची आई-बहीण सुटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला तीच पोरं लाकडी नंदी घेऊन त्यातल्या दोन-चार बिनधास्त म्हणतात. दंडारीत काय चालायचं ते आबाजीला विचारा, आजी समोर नसताना.

टीव्हीही काही साधा नव्हता. 'शक्तिमान' १९९७ मध्ये दूरदर्शनवर आला. त्याची नक्कल करून मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या छापून आल्या आणि मुकेश खन्ना यांना भागाच्या शेवटी पडद्यावर येऊन, असं करू नका, म्हणून सांगावं लागलं. 'शिनचॅन' पाहून पोरं आईबापाला उलटून बोलतात अशी ओरड झाली आणि २००८ मध्ये सरकारनं ती मालिका थांबवली. पुढं काटछाट होऊन ती परत आली. आमची मुलगी आज पाहते. तिच्या उलट बोलण्याचा उगम शिनचॅनमध्ये आहे की तिच्या आत्यामध्ये, यावर घरात एकमत नाही.

फरक मात्र एक आहे आणि तो मोठा आहे. भुलाबाईच्या गाण्यातला सासुरवास पोरगी एकटी ऐकत नव्हती. बाजूला आजी होती, मावशी होती. प्रश्न पडला तर विचारायला माणूस होतं, नाही विचारलं तरी त्यांचे चेहरे दिसत होते. आता कानात इयरफोन घातलेलं लेकरू काय ऐकून हसलं, हे एका खाटेवर बसूनही कळत नाही.

६. 'नाही' म्हणण्यापेक्षा 'मग पाहू'

'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. त्या लग्नसराईत एकही वरात 'झिंगाट'शिवाय निघाली नाही. माझा मुलगा तेव्हा शाळेतही नीट जात नव्हता, पण त्या गाण्यावर नाचायला त्याला कोणी शिकवायची गरज पडली नाही. आमच्या गल्लीतले दोन-तीन परिवार लेकरांना घेऊन अमरावतीला सिनेमा पाहायला गेले. नाचायला मिळेल म्हणून लेकरं खुशीत. ज्यांनी नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा पाहिला त्यांना शेवट सांगायला नको. न पाहिलेल्यांसाठी एवढंच की त्या शेवटी रक्त आहे आणि एक चालायला लागलेलं मूल आहे. येताना गाडीत कोणी बोललं नाही, असं शेजारच्या वहिनी सांगत होत्या. एक पोरगी रात्रभर आईच्या कुशीत शिरून झोपली.

आम्ही आमच्या मुलाला नेलं नाही. फार रडला. बायकोनं कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिलं: सैराट, मग पाहू. तेव्हापासून ती यादी चालू आहे. वर्ष संपलं की नवीन कालनिर्णयावर उतरवून घेतो. लेकरांना नकार आवडत नाही, पण आपलं नाव यादीत आहे हे पाहून ती थांबतात, निदान आमची थांबली. मागच्या वर्षी चौघांऐवजी तिघांनीच 'सैराट' पाहिला, मुलगी मामाकडे गेली होती तेव्हा. संपल्यावर मुलानं विचारलं, "पण मारलं कायले?" मी सिनेमाची गोष्ट सांगायला लागलो तर बायकोनं मला थांबवलं आणि आमच्याच गावाकडच्या एका लग्नाची गोष्ट सांगितली. त्या लग्नाबद्दल आम्ही लेकरांसमोर कधी बोललो नव्हतो. हा सिनेमा वऱ्हाडातल्या प्रत्येक घरानं पोरांसोबत पाहावा असं माझं मत आहे. सहाव्या वर्षी मात्र नाही.

७. ज्या प्रश्नाला आपण उत्तर देत नाही, त्याचं उत्तर कोणीतरी देतंच

वडील येतात, फोन देतात आणि म्हणतात, "यातलं सगळं उडवून टाका." पोराच्या फोनमध्ये काय सापडलं ते सांगत नाहीत, सांगायची गरजही नसते. पोरगं सातवी-आठवीत असतं. गालावर कधीकधी पाच बोटं उमटलेली असतात.

रवी जाधव यांचा 'बालक पालक' जानेवारी २०१३ मध्ये आला. चाळीतल्या चार मित्रमैत्रिणींना एक प्रश्न पडतो, मोठे तो टाळतात, आणि ती पोरं भाड्यानं आणलेल्या व्हिडिओ कॅसेटमध्ये उत्तर शोधायला जातात. गोष्ट व्हीसीआरच्या काळातली. आता व्हीसीआर नाही, वर्गणी काढायची गरज नाही, वाट पाहायची गरज नाही. मोठ्यांचं टाळणं तेवढं जसंच्या तसं आहे.

मी दुकानदार, समुपदेशक नाही. तरी त्या वडिलांना मी एवढं म्हणतो की उडवून टाकतो, पण आज रात्री त्याच्याशी दोन शब्द बोला. त्यानं पाहिलं म्हणून तो बिघडला नाही, आणि त्यात दाखवतात तसं माणसं खरं वागत नाहीत, एवढं जरी सांगितलं तरी चालते. बरेच जण म्हणतात, "मले नाही जमत भाऊ, तुम्हीच सांगा." मी सांगतोही. काउंटरच्या आत स्टुलावर बसवून, हातात पेचकस घेऊन, त्याच्याकडे न पाहता. पोरांना ते सोपं जातं, मलाही.

८. गावानं ठरवलं तर काय होतं

पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला की अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल नाही. ऑस्ट्रेलियानं सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमं बंद करायचा कायदा केला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, अंमल डिसेंबर २०२५ पासून. म्हणजे यवतमाळ जिल्हा ऑस्ट्रेलियाच्या दोन वर्षं पुढं होता. हे मी गिऱ्हाइकांना मोठ्या अभिमानानं सांगतो.

पण मला जास्त पटला तो त्याच वर्षीचा दुसरा निर्णय. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला. भोंगा वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद. लेकरांनी अभ्यासाला बसायचं. आणि बंद म्हणजे सगळ्यांचं बंद, आईच्या मालिकेसकट, बापाच्या क्रिकेटसकट. बांशीच्या ठरावात मोठी माणसं बाहेर राहिली, वडगावच्या भोंग्यात ती आत आली. माझा कौल भोंग्याला.

आमच्या तालुक्याला तर हे नवीन वाटायला नको. मोझरीला तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज उभारलं, आणि संध्याकाळी सगळ्यांनी एका जागी बसून सामुदायिक प्रार्थना करायची हा त्यांचा आग्रह होता. लेकरांनी बसावं आणि मोठ्यांनी पानठेल्यावर जावं असा नव्हता. मी काही रोज प्रार्थनेला जाणारा माणूस नाही. पण एका वेळेला सगळ्यांनी एकच गोष्ट करायची, यातली ताकद मोझरीजवळ वाढलेल्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको.

काही जण म्हणाले, तिवस्यातही भोंगा लावा. तिवसा आता नगरपंचायत, तिथे ग्रामसभा भरत नाही, आणि इतक्या मोहल्ल्यांना एका भोंग्यात बसवणं कठीण. आम्ही घरापुरतं केलं. दुकान बंद करून मी आलो की आठ वाजता सगळे फोन स्वयंपाकघरातल्या पोह्यांच्या रिकाम्या डब्यात. वडील म्हणाले, तुरीचा भाव पाहायचा आहे. बायको म्हणाली, पोषण ट्रॅकरवर माहिती भरायची राहिली. लेकरांनी डब्यात फोन टाकायला एका शब्दानं विरोध केला नाही, सगळी भांडणं मोठ्यांची. आणि सगळ्यात पहिले नियम मोडला तो माझ्या आईनं. मालिकेतली नायिका कोमात होती, त्यामुळे इलाज नव्हता.

९. घासाघासाला फोन

हा बायकोचा मुद्दा, तिनंच लिहायला लावला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाखालच्या लेकराला पडदा दाखवूच नका, आणि दोन ते चार वर्षांच्याला दिवसभरात तासाभरापेक्षा जास्त नको, कमी असेल तर आणखी चांगलं. अंगणवाडीत येणाऱ्या आया ऐकतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन फोन लावूनच वरणभात भरवतात. बायको त्यांना रागवत नाही. सोयाबीन सोंगायला सकाळी सहाला निघायचं असलेल्या बाईला लेकरू लवकर जेवलं पाहिजे. ती फक्त एवढं म्हणते की गाणंच पाहिजे ना, मग फोन पालथा ठेव, गाणं वाजू दे. काहींना ते जमलं आहे.

१०. काढून घेतलं तर हातात काय देणार

पेपरात पुण्या-मुंबईचे तज्ज्ञ लिहितात, मुलांना मैदानावर पाठवा. मे महिन्यात दुपारी दोनला अमरावती जिल्ह्यात येऊन त्यांनी ते मैदान दाखवावं. पंचेचाळीस डिग्रीत कुत्रंसुद्धा नालीतून उठत नाही. अकरा ते पाच लेकरू घरातच राहणार, कूलरसमोर, आणि त्या सहा तासांचं काय करायचं ते आपल्यालाच ठरवायचं आहे.

आमच्याकडे उपयोगी पडलेल्या गोष्टी थोड्याच. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. मुलगी ते टॅबवर वाचते. पडदाच आहे, पण त्यात पुढचा अंक आपोआप उघडत नाही. फास्टर फेणेची पुस्तकं मुलानं पारायणं करून फाडली. लॉकडाऊनमध्ये जुलै २०२० पासून सह्याद्रीवर 'टिलीमिली' लागायचं, पहिली ते आठवीसाठी, घरातल्याच वस्तू घेऊन शिकवणारं. त्यानं तो उन्हापावसाचा काळ निभावला. आणि माझ्या दुकानातले मेलेले फोन! ते उघडायला दिले तर मुलगा दुपारभर जिवंत फोन मागत नाही.

११. सोबत बसा आणि विचारा

गाडगेबाबा कीर्तनात उपदेश कमी आणि प्रश्न जास्त करायचे. समोरच्या अडाणी माणसाला विचारायचे, त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे. लेकरांसोबत काही पाहताना ही रीत चालते. "हे वाईट आहे" म्हटलं की त्यांचे कान बंद होतात. "त्यानं असं काहून केलं असेल?" म्हटलं की बोलायला लागतात.

'नाळ' आम्ही असाच पाहिला. २०१८ चा सिनेमा, सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा, आणि त्यातला चैत्या म्हणजे आपल्या अमरावतीचा श्रीनिवास पोकळे. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चैत्याला कळतं की आपली आई आपली जन्मदाती नाही. सिनेमात शिवी नाही, मारामारी नाही, वयाच्या कोणत्याही कुलपात तो अडकणार नाही. तरी आमच्या मुलीला तो सगळ्यात जड गेला. मी विचारलं, चैत्या आईवर का रागावला? तिनं उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, "मी तुमचीच आहो न?" त्यानंतर तिचा जन्मदाखला, बाळंतपणाच्या वेळचे फोटो, दवाखान्यातली चिठ्ठी, सगळं काढून दाखवावं लागलं. आईनं शपथ घेतली तेव्हा कुठे समाधान झालं.

१२. मोठा झालेला मुलगा

मुलगा पुढच्या वर्षी अकरावीला अमरावतीला जाईल, मित्रांसोबत खोली करून राहील. बायकोचं म्हणणं, त्याच्या फोनचं लॉक आत्ताच काढा. घरी असताना काय पाहायचं ते त्याला ठरवू द्या, काही वेडंवाकडं झालं तर बोलायला आपण समोर आहोत, तिथे कोण आहे? मी म्हणतो, दहावी होऊ द्या. ती म्हणते, "तुमाले मार्काची भीती हाये, पाह्यण्याची नाही." हे खोटं आहे असं मला छातीठोक म्हणता येत नाही.

तोडगा निघाला तो असा की वेळेची मर्यादा काढली, नवीन अ‍ॅपला परवानगी अजून माझ्याकडून. त्याचा फोन मी उघडून पाहत नाही, तो दुरुस्तीला आला तरी त्याच्यासमोरच उघडतो. मुलाला यात फारसा रस नाही. त्याची तक्रार वेगळीच आहे: बहिणीला त्याच्यापेक्षा एक वर्ष आधी टॅब मिळाला, हा अन्याय आहे, आणि त्याची भरपाई म्हणून 'मग पाहू' यादीतले तीन सिनेमे एकदम मोकळे करा. आईनं दोन मोकळे केले. तिसऱ्यावर बोलणी चालू आहेत.